सुवाह्य आज्ञावली आणि तिचे बिऱ्हाड : साहाय्यक फायलींचा शोध

६.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण देवनागरीचे संकेतन, इन्स्क्रिप्ट कळफलक आणि टंक म्हणजे फॉन्ट यांचा परिचय करून घेतला. मराठी मजकूर संगणकात कसा साठतो आणि पडद्यावर कसा उमटतो, हे त्यातून आपल्या ध्यानात आले असेल. प्रस्तुत घटकात त्यापुढचा एक व्यावहारिक प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे. एका संगणकावर नीट चालणारी लेखनाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, दुसऱ्या संगणकावर नेली असता तिच्यातील मराठीच नेमकी का हरवते? ती हरवू नये यासाठी आज्ञावलीची रचना कशी असावी लागते?

हा प्रश्न संगणकशास्त्राचा आहे, मराठीच्या विद्यार्थ्याने त्यात का पडावे, अशी शंका आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा संगणक बहुधा एक नसतो, ही वस्तुस्थिती लक्षात घ्यावी. समजा, नायगाव तालुक्यातील एक विद्यार्थिनी प्रकल्पलेखनासाठी आपल्या परिसरातील कृषिजीवनाच्या शब्दांचा संग्रह करीत आहे. काही टंकलेखन ती भावाच्या लॅपटॉपवर करते, काही बाजारातील डीटीपीच्या दुकानात, आणि अखेरचे संस्करण नांदेडला अभ्यासकेंद्राच्या संगणकावर. ‘येळवस’, ‘सालगडी’, शेतातील निवाऱ्याला म्हणतात तो ‘आखाडा’, असे शब्द लिहिताना काही शब्दांखाली लाल रेषा उमटते. ते अशुद्ध नाहीत, फक्त कोशकारांना ते ठाऊक नाहीत. म्हणून ती एकेक शब्द ‘शब्दकोशात समाविष्ट करा’ या आज्ञेने आत घेते. दोन महिन्यांत असे कित्येक शब्द जमतात. मग एके दिवशी तीच आज्ञावली आणि तोच मजकूर ती दुसऱ्या संगणकावर उघडते, आणि तिने जमवलेल्या सर्व शब्दांखाली पुन्हा लाल रेषा दिसतात. किंवा, जे अधिक घातक आहे, एकाही शब्दाखाली रेषा दिसत नाही.

असे का घडते, हे समजून घेणे हा या घटकाचा हेतू आहे. कार्यक्रमलेखनाचे पूर्वज्ञान त्यासाठी आवश्यक नाही. फोल्डर आणि फाइल म्हणजे काय, एवढे माहीत असले तरी पुरे.

६.२ आज्ञावली एकटी नसते

आपण पडद्यावरच्या चित्रावर दोनदा टिचकी मारतो आणि आज्ञावली सुरू होते. त्यामुळे आज्ञावली म्हणजे एकच वस्तू, अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात चालणारी मुख्य फाइल एक असली, तरी तिच्यासोबत शेकडो, कधी हजारो साहाय्यक फायली असतात. त्यांत शब्दकोश, टंक, कळफलकाचे तक्ते, जुन्या टंकातील मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी कोष्टके, सूचनांची भाषांतरे आणि वापरकर्त्याच्या आवडीनिवडींची नोंद असते. मराठीत ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ असे म्हणतात. ज्या आज्ञावलीचे बिऱ्हाड असे तिच्या पाठीवर असते, जी आपल्या साहाय्यक फायली सोबत वागवते आणि कोठेही गेली तरी त्या तिला सापडतात, तिला सुवाह्य किंवा पोर्टेबल आज्ञावली म्हणतात.

शुद्धलेखन-तपासणीचे उदाहरण घेऊन हे पाहू. लिबरऑफिस, फायरफॉक्स यांसारख्या मुक्त आज्ञावली शुद्धलेखनासाठी ‘हनस्पेल’ नावाचे यंत्र वापरतात. नावातच सुचते त्याप्रमाणे ते मुळात हंगेरियन भाषेसाठी घडले. प्रत्ययबहुल भाषा हाताळण्याची सोय त्यात असल्यामुळे ते मराठीसही उपयुक्त ठरते. हनस्पेलला प्रत्येक भाषेसाठी दोन फायली लागतात. ‘डिक’ हे विस्तारनाम असलेल्या फायलीत मूळ शब्दांची यादी असते, आणि ‘अफ’ या फायलीत त्या शब्दांना लागणाऱ्या प्रत्ययांचे नियम असतात. आपण व्याकरणात सामान्यरूप शिकलो आहोत. ‘घर’चे सामान्यरूप ‘घरा’, आणि त्यापुढे घराला, घराने, घरातून, घरापासून. ही सगळी रूपे यादीत लिहिली तर यादीला अंतच राहणार नाही. म्हणून यादीत केवळ ‘घर’ असते व त्यापुढे एक खूण असते. त्या खुणेचा अर्थ दुसऱ्या फायलीत सापडतो. थोडक्यात, एक फाइल म्हणजे कोश आणि दुसरी म्हणजे व्याकरण. दोहोंपैकी एक जरी हरवली तरी दुसरीचा उपयोग नाही.

आता या दोन फायली आज्ञावलीला सापडल्याच नाहीत तर काय होते? आज्ञावली बंद पडत नाही, आणि बहुतेक वेळा तक्रारही करीत नाही. ज्या भाषेचा कोश नाही त्या भाषेचा मजकूर ती न तपासता तसाच सोडून देते. इंग्रजीचा कोश मूळ संचात असल्यामुळे इंग्रजी शब्दांखालच्या रेषा पूर्ववत उमटतात, मराठी मजकूर मात्र निष्कलंक दिसतो. लाल रेषा नसणे याचा अर्थ लेखन शुद्ध असणे असा नव्हे, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. साहाय्यक फायली हरवल्या की सर्वांत आधी जाते ती अशी वरून जोडलेली भाषा, आणि तिचे जाणे कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच हा विषय या अभ्यासक्रमात समाविष्ट केला आहे.

६.३ मराठी संगणनातील पूर्वपीठिका

हा प्रश्न नवा नाही. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या ‘सी-डॅक’ने पुढे नेलेले ‘जिस्ट’ कार्ड हे वैयक्तिक संगणकावर भारतीय लिप्या आणणारे एक महत्त्वाचे साधन होते. संगणकाचे आवरण उघडून हे कार्ड आत बसवावे लागे. लिपीचे सारे साहित्य त्या कार्डावर असे, त्यामुळे मराठी ज्या यंत्रात कार्ड होते त्या यंत्रापुरतीच मर्यादित राहत असे. पुढे टंकांवर आधारलेल्या आज्ञावली आल्या. त्यांतील कित्येकींसोबत संगणकाच्या मागील बाजूस जोडण्याचे छोटे ‘कुलूप’ येई. ते नसले तर आज्ञावली चालत नसे. मजकूर दुसरीकडे नेला आणि तेथे तोच टंक नसला, तर देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा व चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसे. मराठवाड्यातच काय, महाराष्ट्रात कोठेही डीटीपीचे काम केलेल्या व्यक्तीस हा अनुभव नवा वाटणार नाही.

युनिकोडने मजकुराचा प्रश्न सोडवला. विंडोज २००० पासून ‘मंगल’ हा देवनागरी टंक मूळ प्रणालीत येऊ लागला. तरीही विंडोज एक्सपीच्या काळात भारतीय लिप्यांसाठीच्या फायली मूळ प्रस्थापनेत बसवलेल्या नसत. नियंत्रण-पटलात जाऊन तशी निवड करावी लागे, आणि मग संगणक प्रस्थापनेची मूळ चकती मागे. चकती नसली, किंवा तिच्यावरील ठरावीक फोल्डर अपेक्षित जागी नसला, तर काम अडे. येथे मजकूर शुद्ध युनिकोड आहे, यंत्रही समर्थ आहे. अडले ते साहाय्यक फायली कोठे आहेत या एकाच प्रश्नावर.

६.४ फाइल शोधण्याच्या तीन रीती

आज्ञावली लिहिणाऱ्याने शब्दकोशाच्या फायलीचा पत्ता तिला कसा सांगावा? याच्या प्रमुख रीती तीन आहेत. त्यांतील भेद बारकाईने समजून घेणे आवश्यक आहे.

पहिली रीत निरपेक्ष पत्त्याची. ‘सी’ ड्राइव्हमध्ये अमुक फोल्डर, त्यात तमुक फोल्डर, त्यात कोश, असा संपूर्ण पत्ता आज्ञावलीतच कोरून ठेवायचा. लिहिणाऱ्याच्या संगणकावर हे उत्तम चालते. परंतु पेन ड्राइव्हला कोणते अक्षर मिळेल, हे त्या यंत्रावर आधीपासून कोणकोणते ड्राइव्ह जोडलेले आहेत यावर अवलंबून असते. घरी ‘ई’ असलेला ड्राइव्ह अभ्यासकेंद्रात ‘जी’ होतो, आणि कोरलेला पत्ता तत्क्षणी खोटा ठरतो.

दुसरी रीत चालू फोल्डरच्या संदर्भाने पत्ता सांगण्याची. ‘येथून पुढे कोश या फोल्डरात पाहा’ असे आज्ञावलीला सांगितलेले असते. वरवर ही रीत निर्दोष वाटते, आणि नवशिके कार्यक्रमलेखक हमखास येथेच फसतात. कारण ‘येथून’ म्हणजे कोठून? चालू फोल्डर म्हणजे आज्ञावली जेथे ठेवली आहे ती जागा नव्हे. ती जेथून सुरू केली गेली तो फोल्डर चालू फोल्डर असू शकतो. दुसऱ्या एखाद्या साधनाने ती सुरू केली, शॉर्टकटमध्ये निराळी आरंभजागा नोंदवलेली असली, किंवा ‘फाइल उघडा’च्या खिडकीतून आपण दुसऱ्या फोल्डरात गेलो, तर चालू फोल्डर बदलतो. एखाद्याने नरसीच्या चौकात उभे राहून ‘इथून सरळ नायगावला जा’ असे सांगावे आणि ऐकणारा देगलूरमध्ये उभा राहून ते वाक्य पाळू लागावा, तसा हा प्रकार होतो. वाक्य खरे आहे, पण ‘इथून’ बदलले आहे. भाषेच्या अभ्यासकास हे दर्शक शब्दांचे उदाहरण म्हणूनही रोचक वाटेल.

ही रीत केवळ बेभरवशाची नाही, धोक्याचीही आहे. आज्ञावली आपल्या सहयोगी फायली चालू फोल्डरात शोधते हे जाणून कोणी त्या फोल्डरात त्याच नावाची दूषित फाइल ठेवली, तर आज्ञावली तीच उचलते. ऑगस्ट २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने याच स्वरूपाच्या दोषाविषयी सावधगिरीची सूचना प्रसिद्ध केली होती.

तिसरी रीत म्हणजे आज्ञावलीने प्रथम स्वतःचाच पत्ता शोधणे. ‘मी कोठे आहे?’ हा प्रश्न ती कार्यप्रणालीला विचारते. विंडोजमध्ये चालू असलेल्या आज्ञावलीच्या मूळ फायलीचा संपूर्ण पत्ता देणारे कार्य उपलब्ध आहे. लिनक्समध्ये प्रत्येक चालू प्रक्रियेविषयीची माहिती एका विशिष्ट आभासी फोल्डरात मिळते, व त्यातील एक दुवा थेट मूळ फायलीकडे नेतो. अ‍ॅपलच्या संगणकांवर तर आज्ञावली हाच एक फोल्डर असतो. बाहेरून तो एका चित्रासारखा दिसतो, आत मात्र सारे बिऱ्हाड मांडलेले असते. उत्तरादाखल मिळालेल्या पत्त्यातून आज्ञावली फायलीचे नाव वगळते, उरलेला फोल्डर घेते, आणि त्याला ‘कोश’ जोडून शब्दकोशापर्यंत पोहोचते. ड्राइव्हचे अक्षर काहीही असो, फोल्डर कितीही खोल असो, उत्तर प्रत्येक वेळी त्या क्षणापुरते खरे असते. हे उत्तर कोठेही साठवून ठेवायचे नसते, हा येथील महत्त्वाचा नियम आहे. आज्ञावलीने काल मिळालेला पत्ता आज वापरला की ती पुन्हा पहिल्या रीतीवर येऊन पडते.

स्वयंअध्ययन प्रश्न : चालू फोल्डर आणि आज्ञावलीचा स्वतःचा फोल्डर यांतील भेद आपल्या परिसरातील उदाहरण देऊन तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.

६.५ वाचणे आणि लिहिणे

आतापर्यंत आपण केवळ वाचावयाच्या फायलींचा विचार केला. नायगावच्या विद्यार्थिनीने जमवलेले शब्द मात्र आज्ञावलीसोबत आलेले नाहीत, ते तिने लिहिले आहेत. ते कोठे साठतात?

लिबरऑफिसचेच पाहू. मूळ कोश आज्ञावलीच्या फोल्डरात असतात. वापरकर्त्याने भर घातलेले शब्द मात्र विंडोजवर त्या वापरकर्त्याच्या ‘अ‍ॅपडेटा’ या एरवी लपवलेल्या फोल्डरात, तेथे ‘लिबरऑफिस’, त्यात ‘४’, त्यात ‘यूजर’ आणि अखेरीस ‘वर्डबुक’ अशा उपफोल्डरात जातात. आज्ञावलीची आवृत्ती चारच्या कितीतरी पुढे गेली तरी फोल्डरचे ‘४’ हे नाव टिकून आहे. जुन्या पत्त्यांचा मोह संगणकतज्ज्ञांनाही सुटत नाही. अर्थात आपल्या विद्यार्थिनीने आज्ञावलीचा फोल्डर जसाच्या तसा पेन ड्राइव्हवर उतरवून घेतला, तरी ‘येळवस’ आणि ‘आखाडा’ मागेच राहतात. ते दुकानातल्या यंत्रावर आहेत, आणि ते यंत्र एखाद्या दिवशी साफ केले जाईल.

जुन्या आज्ञावलींच्या बाबतीत याहून विलक्षण प्रकार घडत असे. पूर्वी अनेक आज्ञावली स्वतःच्या फोल्डरातच नोंदी लिहीत. २००७ मध्ये बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरात सामान्य वापरकर्त्यास लिहिण्याची मुभा राहिली नाही. मग जुन्या आज्ञावली बंद पडू नयेत म्हणून विंडोजने एक युक्ती योजली. अशी आज्ञावली तेथे लिहू लागली की ते लेखन गुपचूप वापरकर्त्याच्या खात्यातील ‘व्हर्च्युअलस्टोअर’ नावाच्या फोल्डरात वळवले जाते. वाचतानाही तेथूनच वाचले जाते. आज्ञावलीला वाटते आपण घरातच लिहिले, वापरकर्त्यालाही तसेच वाटते. फोल्डर उतरवून नेल्यावर मात्र त्यात एकही नवा शब्द आढळत नाही.

आवडीनिवडी साठवण्याची आणखी एक जागा म्हणजे विंडोजची नोंदवही, अर्थात रजिस्ट्री. विंडोज ९५ पासून तिचा वापर सार्वत्रिक झाला. तिच्यात लिहिलेले सर्व काही त्या यंत्रापाशी राहते. म्हणून सुवाह्य आज्ञावली नोंदवही शक्य तितकी टाळतात आणि आपल्या नोंदी स्वतःच्या फोल्डरातील साध्या मजकूर-फायलीत ठेवतात. येथे एक दक्षता घ्यावी लागते. स्वतःच्या फोल्डरात लिहिता येते की नाही, हे आधी तपासून पाहावे. लेखनबंद चकतीवरून आज्ञावली चालत असेल तर तिने तसे स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि सांगताना मराठीत सांगितले तर अधिक चांगले.

लिबरऑफिसमध्ये ही जागा बदलता येते. तिच्या कार्यक्रम-फोल्डरात आरंभीच्या सूचनांची एक लहानशी फाइल असते. वापरकर्त्याच्या नोंदी कोठे ठेवायच्या, हे त्यातील एका ओळीत लिहिलेले असते. त्या ओळीत ‘ओरिजिन’ हा सांकेतिक शब्द वापरून ‘मी जेथे आहे तेथून एक पायरी वर’ असे सांगता येते. एवढ्या एका ओळीने नोंदींचे बिऱ्हाड आज्ञावलीच्या पाठीवर येते. भाषाकोशांच्या बाबतीतही हीच दृष्टी आढळते. लिबरऑफिससाठीच्या शब्दकोश-विस्तारात कोशाच्या दोन्ही फायलींचा पत्ता ‘ओरिजिन’पासूनच दिलेला असतो, त्यामुळे विस्तार कोठेही बसवला तरी कोश व व्याकरण यांची ताटातूट होत नाही.

ज्या आज्ञावलींत अशी सोय मुळातच नसते त्यांच्यासाठी आणखी एक मार्ग अनुसरला जातो. २००४ मध्ये जॉन हॉलर यांनी फायरफॉक्सची सुवाह्य आवृत्ती तयार केली. त्यातूनच पुढे ‘पोर्टेबलअ‍ॅप्स’ हा उपक्रम उभा राहिला. त्यात मूळ आज्ञावलीच्या आधी एक छोटा सारथी चालतो. ड्राइव्हचे अक्षर बदलले असल्यास तो जुन्या नोंदींतील पत्ते दुरुस्त करतो, मग मुख्य आज्ञावली सुरू करतो, आणि काम संपल्यावर मागे राहिलेले आवरून घेतो. मुद्रणजुळणीच्या क्षेत्रातील ‘टेक लाइव्ह’ हा संचही उल्लेखनीय आहे. हजारो फायलींचा हा पसारा आपल्या मुख्य फायलीच्या जागेवरून वरच्या फोल्डरांचा हिशेब लावतो, आणि त्यामुळे पेन ड्राइव्हवरूनही चालू शकतो. त्यातील ‘झीटेक’ या अंगाने युनिकोड देवनागरीची उत्तम जुळणी होते, हे प्रबंधलेखन करू इच्छिणाऱ्यांनी नोंदवून ठेवावे.

६.६ फोल्डरचे नाव मराठीत असेल तर

हा उपघटक सावकाश वाचावा. आज्ञावली स्वतःचा पत्ता शोधते, सारे नियम पाळते, आणि तरीही अडते, याचे एक कारण खास आपल्या लिपीशी निगडित आहे.

समजा, आपण पेन ड्राइव्हवर ‘बिऱ्हाड’ नावाचा फोल्डर केला आणि आज्ञावली त्यात ठेवली. ती विंडोजला स्वतःचा पत्ता विचारते. हा प्रश्न विचारण्याचे दोन मार्ग विंडोजमध्ये आहेत, एक युनिकोडचा आणि दुसरा जुन्या आठ-बिटी संकेतसंचांचा. पश्चिम युरोपीय, ग्रीक, अरबी, थाई अशा अनेक लिप्यांसाठी विंडोजमध्ये जुने संकेतसंच होते. देवनागरीसाठी असा संच कधीच नव्हता. विंडोजमध्ये देवनागरी आली तीच युनिकोडच्या रूपाने. त्यामुळे जुन्या मार्गाने प्रश्न विचारला की देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे भरून उत्तर येते. आणि गंमत अशी की विंडोजमध्ये फायलीच्या वा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह वापरताच येत नाही. म्हणजे आज्ञावलीला मिळालेला पत्ता नुसता चुकीचा नसतो, तो असंभव असतो. हाच फोल्डर रोमन लिपीत ‘मराठी’ असे लिहून केला तर काम चालते, आणि मग ‘फोल्डरची नावे इंग्रजीतच ठेवावीत’ असा सल्ला दिला जातो. तात्पुरती सोय म्हणून तो ठीक आहे, परंतु दोष आपल्या लिपीत आहे असा समज त्यातून करून घेऊ नये. दोष प्रश्न विचारण्याच्या जुन्या मार्गात आहे. २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून जुन्या मार्गालाही युटीएफ-८ संकेतन वापरण्याची मुभा मिळाली आहे, मात्र आज्ञावलीच्या कर्त्याने तसे घोषित करावे लागते.

दुसरी अडचण लांबीची. युटीएफ-८ संकेतनात रोमन अक्षरास एक बाइट लागतो, तर देवनागरीतील प्रत्येक वर्णचिन्हास तीन. लिनक्सच्या प्रचलित फाइलव्यवस्थांत एका नावाची मर्यादा २५५ बाइटांची असते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सारी वेगळी चिन्हे म्हणून मोजली जातात, हे विसरू नये. प्रकल्पाचे संपूर्ण शीर्षक हेच फायलीचे नाव ठेवण्याची सवय असलेल्यांना ही मर्यादा लवकर जाणवेल.

तिसरी अडचण ‘बिऱ्हाड’ या शब्दातच आहे. त्यातील ‘ऱ्ह’ पाहा. मराठीतील हा अर्धा ‘र’ तीन प्रकारे टंकलिखित होऊ शकतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र चिन्ह आणि हलन्त, ‘र’ला नुक्ता जोडून मग हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर शून्य रुंदीचा एक अदृश्य सांधा. पडद्यावर तिन्ही रूपे सारखीच दिसतात, संगणकाच्या लेखी मात्र ही तीन भिन्न नावे आहेत. पहिली दोन रूपे युनिकोडच्या नियमांनुसार समतुल्य मानली जातात, आणि अ‍ॅपलच्या जुन्या फाइलव्यवस्थेत पहिले रूप आपोआप दुसऱ्यात बदलले जाई. तिसरे रूप समतुल्यही मानले जात नाही. आता आज्ञावलीत कोशाच्या फोल्डरचे नाव एका रूपात लिहिले आहे आणि प्रत्यक्ष फोल्डर दुसऱ्या कळफलकावरून केलेला आहे, असे झाले तर काय? डोळ्यांना फोल्डर दिसतो, आज्ञावलीला तो सापडत नाही. शब्दकोशातही हेच घडते. ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘दुसऱ्या’ यांसारखे शब्द कोशात असूनही लाल रेषा आली, तर प्रथम या अर्ध्या ‘र’कडे पाहावे.

६.७ टंकांविषयी थोडेसे

टंक हीदेखील साहाय्यक फाइलच असते. आज्ञावली आपल्या फोल्डरातील टंक प्रणालीत न बसवताही खासगीरीत्या वापरू शकते. लिबरऑफिस स्वतःच्या फोल्डरातील टंक अशा रीतीने उचलते. लेखकास याहून सोपा मार्ग म्हणजे दस्तऐवजाच्या गुणधर्मांत जाऊन टंक त्याच फायलीत अंतर्भूत करणे. फाइल जड होते, पण मुद्रणालयात अक्षरे बदलत नाहीत. टंकाच्या परवान्यात तशी अनुमती आहे ना, हे पाहून घ्यावे. ‘लोहित’, ‘नोटो’, ‘मुक्त’ या मुक्त परवान्याच्या टंकांबाबत ती अडचण येत नाही.

६.८ सुवाह्यतेची मर्यादा

सर्वच आज्ञावली सुवाह्य असाव्यात, असे प्रस्तुत लेखकाचे मत नाही. एका अभ्यासकेंद्रात वीस विद्यार्थी एकच कोश वापरणार असतील, तर तो प्रत्येक यंत्रावर रीतसर बसवून वेळोवेळी अद्ययावत करणे हेच इष्ट. सुवाह्य आज्ञावली स्वतःहून अद्ययावत होत नाहीत असे पुष्कळदा आढळते. सार्वजनिक यंत्रांतून फिरणारा पेन ड्राइव्ह विषाणू वाहून नेतो. तो हरवतो, कधी कपड्यांबरोबर धुतलाही जातो. साऱ्या वर्षाचे संकलन एकाच पेन ड्राइव्हवर ठेवणे म्हणजे घरातले सगळे बियाणे एकाच पोत्यात ठेवण्यासारखे आहे. वापरकर्त्याच्या शब्दांची फाइल आकाराने अगदी लहान असते. तिची प्रत स्वतःला ईमेलने पाठवून ठेवण्यास अर्धे मिनिट लागते.

तरीही ज्याचे स्वतःचे यंत्र नाही, ज्याला दुसऱ्याच्या यंत्रावर काही बसवण्याची परवानगी नाही, अशा विद्यार्थ्यास सुवाह्य आज्ञावलीला पर्याय नाही. शिवाय ती यजमान यंत्रावर फारसे मागे ठेवत नाही. आपण कोणते शब्द कोशात घातले, याची नोंद दुकानातल्या संगणकावर राहत नाही, हाही लाभ कमी महत्त्वाचा नाही.

६.९ प्रात्यक्षिक कृती

पुढील कृती अभ्यासकेंद्रात किंवा उपलब्ध असलेल्या कोणत्याही दोन संगणकांवर करावी. लेखनाची एक सुवाह्य आज्ञावली व मराठीचा शब्दकोश पेन ड्राइव्हवर घ्यावा. आपल्या गावाकडील, प्रमाणकोशात न आढळणारे दहा शब्द एका मजकुरात लिहावेत व वापरकर्त्याच्या कोशात समाविष्ट करावेत. त्यांपैकी किमान एका शब्दात ‘ऱ्य’ किंवा ‘ऱ्ह’ असावा. आज्ञावली बंद करून, ती ज्या फोल्डरात आहे त्याचे नाव बदलावे, प्रथम रोमन लिपीत व नंतर देवनागरीत. प्रत्येक वेळी आज्ञावली पुन्हा सुरू करून दहांपैकी किती शब्दांखाली रेषा येते ते लिहून ठेवावे. त्याच मजकुरात एक मराठी शब्द मुद्दाम अशुद्ध लिहावा. त्याखाली रेषा न आल्यास कोश सापडलेला नाही, असे समजावे. नंतर दुसऱ्या संगणकावर हीच पायरी करावी. ज्या टप्प्यावर शब्द हरवतील त्या टप्प्यावर आज्ञावलीने वर वर्णिलेल्या तीन रीतींपैकी कोणती वापरली असावी, याचा तर्क एका परिच्छेदात मांडावा. दहा शब्दांची अर्थासह यादी उत्तरपत्रिकेस जोडावी, आणि प्रत्येक शब्द कोणाच्या तोंडून ऐकला, कोणत्या प्रसंगी, हेही त्यापुढे लिहावे.